दत्तारामचं खोटं गाऱ्हाणं

तुम्ही कधी जाणूनबुजून देवाला चुकीचा पत्ता दिलाय? शारजात गाववाले मिळून राहायचे त्या खोलीत ज्याचा शब्द शेवटचा मानला जायचा, त्या दत्ताराम परबाने दिला.

दत्ताराम कुडाळकडचा. नव्वद साली शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका लाँड्रीत वाफेच्या इस्त्रीवर लागला तो तेरा वर्षं तिथेच. या लाँड्रीला दुबईजवळच्या जबेल अली बंदराला लागणाऱ्या अमेरिकन युद्धनौकांचं काम मिळायचं. जहाज लागलं की कपड्यांच्या पिशव्यांनी टेम्पो भरून यायचे. अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर शिकलेली माणसं जाडजूड पुस्तकं लिहितात, दत्तारामला ते धोरण पिशव्या उघडून कळायचं. कुवेतची लढाई संपली तरी पिशव्या संपल्या नाहीत, उलट वाढल्या. पाहुणा मुक्कामाला राहिला हे त्याने तेव्हाच ताडलं. अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात एका रात्रीत सगळं धुऊन द्या म्हणून घाई झाली आणि दोन दिवसांनी बगदादवर बॉम्ब पडल्याची बातमी आली. पुढे दोन हजार तीन उजाडता उजाडता नाविकांच्या पांढऱ्या कपड्यांऐवजी वाळूच्या रंगाचे कपडे यायला लागले, तेव्हा तो खोलीत म्हणाला, आता हे जमिनीवर उतरणार. उतरले.

याचा त्याला राग यायचा का? खरं सांगायचं तर नाही. त्याला ऐट वाटायची. जगातली सगळ्यात मोठी फौज माझ्या हातची घडी घालून फिरते, असं तो जेवताना सांगायचा. सुदेश, खोलीतला जीभ सैल असलेला सुतार, त्यावर म्हणायचा, "मग दत्तादा, एकदा कपडे ओलेच पाठव. लढाई तरी थांबेल." खोली हसायची. दत्तारामही हसायचा.

त्याच वर्षी ऑक्टोबरात दुबईच्या देरा भागातल्या नूरुद्दीनने त्याला बोलावून घेतलं. नूरुद्दीन माणसं पुरवणारा. ऑफिसात एसी, टेबलावर खजूर, तोंडात हबीबी. अमेरिकन छावणीच्या लाँड्रीत कसलेला इस्त्रीवाला हवाय, तुझ्या हाताखालचा दे, असं त्याचं म्हणणं. दत्तारामने कागद हातात घेतला. इंग्रजी तो पेपर वाचून वाचून स्वतःच शिकला होता, त्याचा त्याला भारी अभिमान. वरच्या ओळीत कुवेत होतं. खाली, बारीक अक्षरांत, कामाची जागा म्हणून इराक होतं.

त्याने बोट ठेवून विचारलं. नूरुद्दीनने नाकारलं नाही. सगळे कुवेतवरूनच जातात, तोंडी कुवेतच सांगायचं, नाहीतर बायका रडून माणसं अडवतात, असं तो म्हणाला. मग त्याच श्वासात म्हणाला की तुमच्या लाँड्रीच्या मालकाशी माझं बोलणं झालंय, सुपरवायझरची खुर्ची रिकामी आहे, तेरा वर्षं वाफ खाल्लीस, आता बस जरा.

दत्तारामने बोट उचललं.

त्याने नाव दिलं नागेश सावंताचं. वय सव्वीस, लग्नाला दोन वर्षं, बायको रंभा गावी. नागेशला इस्त्री धरायला दत्तारामनेच शिकवलं होतं. नागेशला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि वाचायची गरजही वाटली नाही. कागद दत्तादाने पाहिला होता ना!

त्यांच्या खोलीची एक रीत होती. कुणी नव्या कामाला निघाला की शुक्रवारी दुपारी, सगळ्यांना सुट्टी असताना, वडीलधाऱ्याने नारळ हातात घेऊन गावच्या देवाला गाऱ्हाणं घालायचं. निघालेला माणूस कोणाचा कोण आणि कुठे चाललाय ते नावानिशी सांगायचं. देवाला ठिकाण कळलं नाही तर राखण कुठे करणार? आणि प्रत्येक वाक्यावर सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. म्हणणारे नसतील तर ते गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, अशी समजूत.

नारळ हातात घ्यायच्या आधी नागेशने सहज विचारलं, "दत्तादा, कुवेतच मां?"

"कुवेतच," दत्ताराम म्हणाला. मग तेच देवालाही सांगितलं. अकरा जणांनी होय म्हाराजा म्हटलं. सुदेशचा आवाज सगळ्यात मोठा, कारण नागेश त्याचा मावसभाऊ.

नोव्हेंबरात नागेशचा फोन आला. लाँड्रीच्या ऑफिसात, दत्तारामच्याच नव्या टेबलावर. आवाज तुटत होता. "मी कुवेतात नाय, दत्तादा. हयसर रोज बॉम्ब पडतत. नूरुद्दीनान तुकापण फसवल्यान. देवाक खरो गाव सांग रे, सगळ्यांसमोर सांग." छावणीचं नाव सांगायच्या आत लाइन गेली.

तुकापण. तुलासुद्धा. शिवी दिली असती तर दत्तारामने ती गिळली असती, हा शब्द त्याला गिळता येईना. नागेश तिथे मरणाच्या दारात उभा राहून त्याची कीव करत होता.

तीन शुक्रवार गेले. त्या फोनचं दत्तारामने खोलीत कुणाला सांगितलं नाही. एकदा जेवणाच्या सुट्टीत, इस्त्र्या थंड असताना, त्याने कपड्यांच्या ढिगामागे एकट्यानेच इराकचं नाव घेऊन गाऱ्हाणं पुटपुटलं. होय म्हणायला कुणी नव्हतं. खुर्चीवर येऊन बसला तर खुर्ची टोचायला लागली.

चौथ्या शुक्रवारी सुदेशनेच त्याच्या हातात नारळ दिला. नागेशचा महिनाभर फोन नाही, त्याच्यासाठी घाल, म्हणाला. दत्तारामने सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा," आणि तिथेच थांबला. मग त्याने सांगितलं. माणूस इराकात आहे. मला माहीत होतं. कागदावर होतं, मी वाचलं होतं, खुर्चीसाठी गप्प बसलो.

होय म्हाराजा कुणीच म्हटलं नाही. सुदेशने त्याच्या हातातून नारळ काढून घेतला. आवाज न चढवता म्हणाला, "देवाक सांगलंस. आता रंभावहिनीक सांग."

शारजाच्या रोल्ला भागातल्या फोन बूथवरून त्याने गावात शेजाऱ्यांकडे फोन लावला. रंभाला बोलावून आणेपर्यंतची पाच मिनिटं तो काचेला कपाळ टेकून उभा होता. त्याने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पलीकडून एवढंच आलं, "तो कागद तुम्ही वाचला होतात?"

"वाचला होता."

"मग आता त्यांना शोधा."

दुसऱ्या दिवशी त्याने खुर्ची सोडली आणि सुदेशला घेऊन देऱ्यात गेला. नूरुद्दीनच्या ऑफिसला कुलूप. दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासातल्या कारकुनाने विचारलं, कुठली छावणी, कागदाची नक्कल आहे का? नक्कल नव्हती. वाचता येणाऱ्या एकुलत्या एका माणसाने ती मागितलीच नव्हती. कारकून त्याच्याकडे बघत राहिला आणि दत्ताराम टेबलाच्या कडेकडे. अमेरिकेचा हिशेब अमेरिकेने द्यावा, तो मागायला आपण सगळे आहोतच. पण कागदावरचं बोट त्यांनी उचललं नव्हतं, हे त्याला त्या कडेकडे बघताना पक्कं कळलं.

आज फेब्रुवारी आहे. नागेशचा पत्ता नाही. तुमच्या घरातलं, वाडीतलं कुणी तिकडच्या छावण्यांत स्वयंपाकाला, साफसफाईला, लाँड्रीला असेल तर पुढच्या फोनवर त्याला विचारा. नागेश सावंत, उंच, सावळा, डाव्या मनगटावर इस्त्रीचा चटका. सापडला तर त्याला सांगा की दत्तारामला कुणी फसवलं नव्हतं. त्यावर तो जे बोलेल ते एक शब्दही न गाळता शारजाच्या खोलीवर कळवा.