उन्हाला दिलेलं तळं

नोकरीला जाताना सुरतेबाहेर खाडीकाठच्या थांब्यावर मी बस बदलायचो. तिथे कोळंबीच्या तळ्यापाशी एक खानदेशी माणूस रोज दिसायचा. कापडाच्या लूमवरचं काम सोडून त्याने ते तळं खंडाने घेतलं होतं आणि आदल्या वर्षी रोगाने त्याची सगळी कोळंबी मेली होती. रोग मारायला शेजारच्या तळेवाल्यांनी आपापल्या पाण्यात औषध ओतून कोळंबीचं नवं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, सोडलं. याने मात्र तळं उपसून भेगा पडेपर्यंत उन्हात वाळू दिलं. डोक्यावर रुमाल टाकून तो त्या भेगा कौतुकाने बघत बसायचा.

"औषधाने लवकर झालं असतं ना, भाऊ?" मी विचारलं.

"झालं असतं. पण ते पाणी मग खाडीत सोडा. तिथं बाया मासे धरतात. ऊन वापरून झालं की कुठं फेकावं लागत नाही."

पुढे चुना पसरून, कापडातून गाळून त्याने पाणी भरलं आणि नवं बीज सोडलं. काही आठवड्यांनी एका सकाळी त्याने हाक मारून मला बांधावर नेलं आणि कोळंबीचं खाणं ठेवायची जाळी पाण्यातून वर उचलली. चकचकीत कोळंबी टणाटण उडाली, एक थेट माझ्या शर्टावर. तो खदखदून हसला. तेवढ्यात माझी बस निघून गेली, आणि मी तिच्यामागे धावलो नाही.