गाडीतले राळे

साहेब विलायतेला परत गेले तेव्हा लढाई चालू होती आणि पेट्रोल औषधालाही मिळत नव्हतं. त्यामुळे त्यांची जुनी टपाची मोटार शेवगावात कुणी फुकट घ्यायलाही तयार होईना. आमचे हे त्यांचे ड्रायव्हर. साहेबांनी जाताना मोटारीचं हँडल ह्यांच्या हातात दिलं, ह्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि गेले. ह्यांना वाटलं, राज्य मिळालं.

मी विचारलं, "हिचं करायचं काय? दारात बांधून कडबा घालायचा?"

"हिच्यावर आपलं घर चालंल, बघ तू," हे म्हणाले. नोकरी गेलेली, शेताचा तुकडा नाही, आणि माणूस असा निवांत. माझं डोकं फिरायचं. पण खोटं कशाला बोलू, काही दिवस घर खरंच त्या गाडीवर चाललं.

नगरच्या एका मिस्त्रीकडून ह्यांनी गाडीच्या मागे कोळशाचं पिंप बसवून घेतलं. त्यात कोळसा पेटवायचा, हाताने फिरवायच्या पंख्याने वारा घालायचा, मग त्याच्या गॅसवर गाडी खाकरत सुरू व्हायची. सपाटीला ठीक, चढ आला की दम तोडायची, आणि बसलेल्यांनी उतरून ढकलायचं. तरी लग्नसराईत नवरानवरीला मिरवायला तीच लागायची. बाजारच्या दिवशी ती उतारू आणायची. तंबूतला सिनेमा आला की पुढे हलगीवाला बसवून गावोगाव ओरडत फिरायची. चक्कीवाल्याचं इंजिन तेलावाचून बसलं तेव्हा तर ह्यांनी गाडीचं मागचं चाक दगडांवर उचललं, त्याला पट्टा लावला आणि अख्ख्या आळीची ज्वारी दळून दिली. बायका पदराने तोंड झाकून हसायच्या आणि पाट्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. मीही हसायचे.

मग त्या बाईला नगरला न्यायचं ठरलं.

शेवगावच्या पलीकडच्या एका गावातली ती शेतकऱ्याची सून. बाळंतपण अडलं होतं. सोबत तिची सासू होती, आणि आणखी एक बाई असलेली बरी म्हणून हे मला घेऊन गेले. मागच्या सीटवर सासू एका कडेला, मी दुसऱ्या कडेला, आणि ती मधे, माझ्या मांडीवर डोकं ठेवून. वयाने माझ्याएवढीच असेल. घरी तिचं थोरलं पोरगं होतं, नुकतं चालायला लागलेलं. कळ ओसरली की ती एकच विचारायची, "लेकरू जेवलं आसंल का वो?" सासू म्हणायची, "जेवलं, जेवलं. तू गप पड." आणि मी म्हणायचे, आलंच नगर.

करंजीच्या घाटात गाडीने दम तोडला. हे खाली उतरले, पिंपातली राख उकरायला लागले, कोळसा घालायला लागले. पंख्याचा घरघर आवाज चालू होता. तो आवाज चालू असतानाच ती माझ्या मांडीवर गेली. पोटातलं बाळही तिच्याबरोबर गेलं. भर दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. गाडी वळवून आम्ही तिला परत गावी नेलं.

आमच्या भागात बाळंतीण गेली की तिच्या मागे वाटेवर राळे टाकतात. राळे म्हणजे मोहरीएवढं बारीक पिवळं धान्य, गोरगरीब भातासारखं शिजवून खातात ते. असं मानतात की ती आपल्या लेकरासाठी घराकडे माघारी येते. वाटेत राळे दिसले की तिला ते वेचावे लागतात, आणि सगळे वेचून होईपर्यंत तिला घरी येता येत नाही. घर ते मसणवटा, एवढ्या वाटेवर टाकायची रीत. पण तिची सासू पाटी घेऊन आली ती थेट आमच्या गाडीपाशी.

"जीव हितं गेला न्हवं का," ती म्हणाली, "मंग वाट हितनंच सुरू हुती." आणि तिने मुठी भरभरून राळे मागच्या सीटवर टाकले, पायाशी टाकले, गादीच्या फटीत कोंबले. दुःखाचं घर, नाही कसं म्हणायचं? हे मान खाली घालून उभे राहिले. तिला घरी येऊ द्यायचं नाही, इथपर्यंत ठीक. पण मग ती राहणार कुठे? राळे तर आमच्या गाडीत होते.

आम्ही ख्रिस्ती माणसं. भूतखेत आम्ही मानत नाही, असं माझ्या सासूबाई आल्यागेल्याला बजावून सांगायच्या, आणि अंगणात उभ्या गाडीकडे पाठ न करता उलट्या पावलांनी घरात यायच्या. मी गादी काढून बडवली, उन्हात टाकली, झाडूने कोपरे साफ केले. दुसऱ्या दिवशी हात फिरवला तर फटीत पुन्हा राळे. हे म्हणायचे, "गादीतल्या काथ्यात अडकलेत, धक्क्याने वर येतात." असेल तसंही. पण आमच्या अंगणात चिमण्यांचा सुळसुळाट. दाणा दिसला की अंगावर येतील इतक्या धीट. त्या गाडीत एक चिमणी कधी उतरली नाही. टपावर बसायच्या, आत बघायच्या आणि उडून जायच्या. हे मी माझ्या डोळ्यांनी रोज पाहिलंय.

पुढच्याच लग्नात नवरीची मावशी गाडीतून उतरली आणि तिच्या लुगड्याला राळे चिकटलेले निघाले. तिने एकदाच पाहिलं त्या दाण्यांकडे आणि नवरीला दंडाला धरून खाली ओढलं. वरात बैलगाडीतून निघाली. बातमी आमच्याआधी शेवगावात पोहोचली. त्यानंतर एकाही लग्नाला आमची गाडी कुणी सांगितली नाही. बाजारचे उतारू पायी जायला लागले. चक्कीवर बायका म्हणाल्या, "त्या पट्ट्यावरचं पीठ नगं बया." सिनेमावाल्याला काही पडलेली नव्हती, पण तो तंबू उचलून पारनेरकडे निघून गेला.

शेवटी एकच काम उरलं. नगरच्या दवाखान्यात कुणी गेलं की मढं गावी पोहोचवायचं. मढ्याला कशाची भीती? हे ते काम करायचे. चूल त्यावर पेटत होती, म्हणून मी तोंड मिटून होते. आणि मला दिवस गेले होते.

नववा लागला तसं माझ्या डोक्यात एकच घुमायला लागलं, अडलं तर मला कशातून नेतील? मी सासूबाईंना बजावलं, सुईणीला बजावलं, मेले तरी बेहत्तर पण त्या सीटवर बसणार नाही. दोघी म्हणायच्या, अडतंय कशाला, जात्यावरून उठावं तशी सहज होशील मोकळी.

अडलं. सुईणीने पोट चाचपलं आणि माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाली, "पोर आडवं हाय. नगरला न्या." नगरला जाणारी एकुलती सर्व्हिस मोटार सकाळीच निघून गेलेली. अंगणात पंख्याची घरघर सुरू झाली. तो आवाज ऐकला आणि मी उंबऱ्याला दोन्ही हातांनी धरलं. सोडेना. मला जगायचं होतं हो, आणि माझं बाळ मला जिवंत हवं होतं. त्या सीटवर दोन्ही जीव जातील, अशी माझी खात्री होती.

हे माझ्यापाशी खाली बसले. कोळशाने तोंड काळं झालेलं. म्हणाले, "ती असली मागं, तर असू दे. एकटीनं जाण्यापेक्षा बरं."

त्या माणसाने आयुष्यात मला दिलेला हा एवढाच धीर. मी हात सोडले.

करंजीच्या घाटात गाडीने दम तोडला, त्याच वळणावर. हे उतरून राख उकरायला लागले. माझं डोकं सासूबाईंच्या मांडीवर होतं आणि त्या डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत होत्या. मी विचारलं, "अजून किती लांब?" त्या म्हणाल्या, "आलंच नगर." तेव्हा मला कळलं की ती बाई त्या दिवशी माझ्या बोलण्याला फसली नव्हती. तिला ठाऊक होतं. म्हणून तर ती नगरचं कधीच विचारत नव्हती, लेकराचं विचारत होती.

कळ आली तशी माझी बोटं गादीच्या फटीत रुतली आणि दाणे लागले. इतके दिवस मी तिच्या भीतीने काढले होते. त्या घडीला मला तिची नुसती दया आली. पोर तिकडे घरी, आणि ही इथे, आमच्या सीटवर, वेचत बसलेली. मी वेचायला लागले. एकेक दाणा नखाने काढायचा आणि मुठीत धरायचा. मनात म्हणत होते, मी हात लावते तुला वेचायला. एवढे झाले की तू जा घरी. माझं माझ्यापाशी राहू दे, तू तुझ्या लेकराकडे जा.

गाडी सुरू झाली आणि उरलेला चढ न थांबता चढली. हे पुढे शपथेवर सांगायचे, की असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

मुलगी झाली. जिवंत, काळीसावळी, रडून दवाखाना डोक्यावर घेणारी. नर्सबाईने माझी मूठ सोडवली, आतले राळे बघून नाक मुरडलं आणि खिडकीबाहेर झटकले. लगेच चिमण्या उतरल्या आणि त्यांनी ते टिपून नेले. त्यानंतर त्या गादीच्या फटीत मला एकही दाणा सापडला नाही. मी रोज बघायचे.

मुलगी तीनेक महिन्यांची असताना बाजारात ती सासू भेटली. धान्यवाल्यापुढे उकिडवी बसून राळे मापून घेत होती. मला ओळखलं. माझ्या कडेवरच्या पोरीकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "पोरगं आताशा दुपारचं उंबऱ्यात बसून एकटंच हसतंय. हात फुडं करतंय, कुणी घास भरवावा तसं तोंड उघडतंय. पुन्यांदा टाकाया लागतील."

"मावशी," मी म्हटलं, "नका टाकू. भरवू द्या तिला."

म्हातारीने राळे पदरात बांधले आणि गावाच्या वाटेला लागली. तिने ते वाटेवर टाकले की घरी शिजवले, मला कधी कळलं नाही.