जगदाळेसाहेब आणि त्यांचे आरोपी

स्वातंत्र्य मिळाल्यावर चळवळीतली माणसं दर वर्षी वाढत गेली. मध्यभारत राज्य झालं तेव्हा मी इंदूरच्या एका सरकारी ऑफिसात नवीनच लागलो होतो. चहा आला की एकेक जण तोंडानंच जेलमध्ये जाऊन यायचा. असे किस्से पुष्कळ साठले. पण खरे म्हणावेत असे दोघांचेच. एक आमचे हेडक्लार्क दत्तोपंत, ते खरोखर जेलमध्ये गेले होते. दुसरे जगदाळेसाहेब, त्यांनीच दत्तोपंतांना नेलं होतं.

*

जगदाळेसाहेब संस्थानच्या पोलिसात इन्स्पेक्टर. संस्थान विलीन झालं आणि त्यांची बदली आमच्याकडे झाली, दत्तोपंतांच्या हाताखाली. पहिल्या दिवशी साहेब दारात दिसले आणि दत्तोपंत ताडकन उठून उभे राहिले. सगळा सेक्शन बघत होता.

साहेब म्हणाले, "बसा."

दत्तोपंत बसले. आता साहेब कोण, हे दोघांच्याही जरा उशिरानं लक्षात आलं.

*

चळवळीच्या काळी शहर संस्थानचं आणि रेसिडेन्सीचा भाग इंग्रजांचा. दत्तोपंतांची प्रभातफेरी गाणी म्हणत रेसिडेन्सीच्या हद्दीपर्यंत जायची. तिथे जगदाळेसाहेब उभे असायचे. एकदा त्यांनी दत्तोपंतांना बाजूला घेतलं. म्हणाले, "देखो भिया, जे करायचं ते अलीकडे करा. पलीकडे गेलात तर मला इंग्रजीत रिपोर्ट लिहावा लागतो."

दत्तोपंतांनी सांगितलं की आमचा राग अलीकडच्यांवर नाहीच, पलीकडच्यांवर आहे. बराच वेळ बोलणी झाली. शेवटी सगळे अलीकडेच उभे राहिले, तोंडं मात्र पलीकडे केली.

रिपोर्ट मराठीत गेला.

*

मग विलायती कपड्यांची होळी झाली. बंदोबस्ताला अर्थातच साहेब. गर्दीतलं कोणी म्हणालं, साहेबांचा युनिफॉर्मही विलायती कापडाचाच आहे, तोही टाका. साहेबांनी बाही जवळ धरून पाहिली. आहे खरा, म्हणाले, पण हा उतरवला तर तुम्हाला पकडायचं कोणी?

दत्तोपंतांनी क्षणभर विचार केला आणि लोकांना मागे सारलं. "राहू द्या. साहेबांशिवाय सत्याग्रह होत नाही."

*

दत्तोपंतांना अटक करायला साहेब सकाळीच घरी गेले, तेव्हा कमलाकाकू पोहे करत होत्या. नवरा उपाशी जाणार नाही, असं त्यांनी पोलिसांना बजावलं. साहेब बाहेर ओट्यावर थांबले. काकूंनी त्यांच्याही पुढे प्लेट केली. ड्यूटीवर आहे, म्हणून त्यांनी ती परत केली.

काकू आम्हाला सांगायच्या, "यांना नेलं, त्याचं काही नाही. हुकूम होता. पण माझ्या पोह्यांना नाही म्हणाले."

*

एका पंधरा ऑगस्टला ऑफिसनं दत्तोपंतांचा सत्कार ठरवला. त्यांची अट एकच होती, भाषण जगदाळेसाहेबांनी करायचं. बाकीच्यांनी ऐकलंय, त्यांनी पाहिलंय, असं त्यांचं म्हणणं. साहेबांनी खूप टाळलं. शेवटी उभे राहिले.

त्यांना भाषण येत नव्हतं, रिपोर्ट येत होता. आरोपी तिरंगा घेऊन चौकात आला. हटण्यास सांगितले, हटला नाही.

"मग मी लाठी चालवली," साहेब म्हणाले. "खांद्यावर."

"डाव्या," दत्तोपंत खुर्चीतून म्हणाले.

"डाव्या खांद्यावर. आरोपी पडला. झेंडा सोडला नाही. पडल्या जागेवरून घोषणा देत राहिला."

इथे साहेब थांबले. पुढच्या रांगेतून कोणीतरी सहज विचारलं, कोणती घोषणा?

सगळ्या नोकरीत ती त्यांच्या तोंडून कधी निघाली नव्हती. रिपोर्टात ते 'आक्षेपार्ह घोषणा' एवढंच लिहायचे. साहेबांनी कोटाचं वरचं बटण लावलं. हात सरळ खाली घेतले. मग अगदी हळू म्हणाले, "वंदे मातरम्."

दत्तोपंतांनी मान वर केली नाही.

"साहेब," ते म्हणाले, "मागे ऐकू आलं नाही."