बैलाचा डोळा

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला पुण्यात चित्रकला शिकणारा माझा मित्र बारामतीला आला. इथल्या रंगवलेल्या भिंती त्याला बघायच्या होत्या. मला आधीच गावाचा भारी अभिमान, त्यात पुण्याचा पाहुणा; मग काय विचारता! मार्केट यार्डाजवळचे पेंडीच्या जाहिरातीतले बैल, बियाण्याच्या दुकानावरचा ऊस, सगळं हिंडवलं. तालमीच्या भिंतीवरच्या पैलवानापाशी तो थबकला.

"कुणी काढलाय रे?"

"मी," म्हणालो.

काढला होता चाचांनी. हे जळोचीचे पेंटर. नोकरी लागेपर्यंत मी त्यांच्या हाताखाली जायचो. रीत ठरलेली होती: चाचा कोळशानं आकार काढणार, मी रंग भरणार, आणि डोळा सगळ्यात शेवटी, तोही चाचाच काढणार. डोळ्याला मी कधी ब्रश लावला नव्हता. पण मित्र कौतुक करत गेला आणि मी एकेक भिंत बिनदिक्कत स्वतःची म्हणून सांगत गेलो.

दुसऱ्या दिवशी इंदापूरला निघालो. शेळगावात एसटी थांबली, तर समोरच्या दुकानापाशी शिडीवर चाचा! "तुझंच काम दिसतंय," म्हणत मित्र उतरलासुद्धा. मीही मागोमाग उतरलो.

भिंतीवरचा बैल पुरा झाला होता, डोळा तेवढा राहिला होता.

"तुम्ही याच्याच हाताखाली असता ना?" मित्रानं चाचांना विचारलं. "डोळा याला काढू द्या की. मला बघायचंय."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं.

"व्हय, ह्यांच्याच हाताखाली," चाचा म्हणाले. "पर त्यांच्या हाताला लागलंय. आज मीच काढतो."

त्यांनी डोळा काढला. "छान शिकवलंस," मित्र मला म्हणाला आणि मी मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेची लाज मला आजही वाटते.

मित्र परत गेल्यावर माफी मागायला जळोचीला गेलो. चाचा पुढच्या खोलीत ब्रश धूत बसले होते. मी तोंड उघडायच्या आत आतून चाची वाटीत गरम हळद घेऊन आल्या. चाचांनी घरीही तेच सांगून ठेवलं होतं.

"कुठं लागलंय, बाळा? बघू," चाची म्हणाल्या.

चाचा मान खाली घालून ब्रश धूत राहिले. मी धडधाकट हात पुढं केला.