युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट

सिंगापूरला बुकित तिमाहच्या आमच्या कॉन्डोत दहा-बारा वर्षांपूर्वी जे अमेरिकन डॉक्टर राहत, त्यांच्याइतका नावांचा हावरट माणूस मी जन्मात पाहिला नाही. डॉक्टर म्हणजे औषधाचे नव्हेत, पीएचडीवाले. पंचाहत्तरी ओलांडलेले उंच कृष्णवर्णीय गृहस्थ. बायको गेल्यावर लेकीकडे आलेले, आणि लेक सदा विमानात. पोहण्याच्या तलावाभोवती नुसतं फिरायलासुद्धा टाय बांधून उतरत. सिक्युरिटीवाला, साफसफाईची आंटी, त्या आंटीची सासू, सगळ्यांची नावं त्यांना पाठ, तीही ज्याच्या त्याच्या उच्चारात. माझं आडनाव पिंपळखरे. त्यातला 'ळ' घोकत त्यांनी आठवडाभर तलावाला अशा प्रदक्षिणा घातल्या, की पोहणाऱ्यांना वाटलं, म्हातारा गुळण्या करतोय. लिफ्टमध्ये गणवेशातलं पोर दिसलं की विचारणार, "आज काय शिकलास?" माझा नातू एकदा म्हणाला, "नथिंग लाह, अंकल." तर म्हणाले, "छान! म्हणजे उद्या दोन गोष्टी शिकायच्या."

संध्याकाळी ते आम्हा मराठी म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर येऊन बसत. आपण एका युनिव्हर्सिटीचे प्रेसिडेंट होतो, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आता आपल्याकडे विद्यापीठाचा प्रमुख म्हणजे कुलगुरू. प्रेसिडेंट म्हटला की तो पोस्टरं चिकटवून निवडून आलेला, विद्यार्थी संघटनेचा. मी कट्ट्याला मराठीत तसंच समजावलं. पुण्याचे जोशी म्हणाले, "आमच्या कॉलेजातही होता एक. सात वर्षं एसवायला!" झालं. पुढे डॉक्टर "विद्यापीठ बंद पडत होतं, ते आम्ही वाचवलं" असं सांगू लागले, की जोशी गंभीर चेहऱ्याने म्हणत, "पिंपळखरे, विचारा, घेराव कोणाला घातला होता?" आणि कट्टा खो खो हसे. कशाला हसतात हे न कळताही डॉक्टर आमच्याबरोबर हसत. मग हळूहळू ते तलावापलीकडच्या बाकावर बसू लागले. एकटेच.

मला मात्र अधूनमधून जेवायला ओढून नेत. एकदा जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीत, आम्ही बसलो असताना एक कृष्णवर्णीय बाई हातातला ट्रे तसाच टाकून धावत आली आणि त्यांच्यापुढे शाळकरी मुलीसारखी ताठ उभी राहिली. त्यांनी तिला पूर्ण नावाने हाक मारली, आजीची तब्येत विचारली, आणि तिच्यासाठी कॉफी आणायला गेले. ती हार्बरफ्रंटला शिपिंग कंपनीत होती. डॉक्टर कॉफी घेऊन येईपर्यंत तिने मला सांगितलं, ते विद्यापीठ गुलामी संपल्यावर, काळ्या मुलांना बाकी सगळी दारं बंद होती तेव्हा, त्यांच्यासाठी निघालं होतं. डॉक्टर आले तेव्हा त्याला कुलूप लागायच्या बेतात होतं. त्यांनी आपला सरकारी थाटाचा बंगला मुलींच्या वसतिगृहाला दिला, स्वतः मुलांच्या मेसमध्ये जेवले, माजी विद्यार्थ्यांची दारं ठोठावून नवी प्रयोगशाळा उभी केली. परिस्थितीपायी शिक्षण सोडून गेलेल्यांना घरी जाऊन परत आणलं.

"मलाही," ती म्हणाली. "आणि पदवीदानाला प्रत्येकाचं नाव ते स्वतः वाचत. नीट कसं म्हणायचं, ते आधी ज्याच्या त्याच्या आईला विचारून."

"म्हणजे कुलगुरू!" मी मराठीतच पुटपुटलो.

हे कट्ट्याला सांगायला हवं होतं. पण मग माझंच हसं झालं असतं. आज सांगू, उद्या सांगू असं करत राहिलो. एके संध्याकाळी पलीकडचा बाक रिकामा दिसला, दुसऱ्या दिवशीही दिसला, तेव्हा त्यांच्या घरची बेल वाजवली. लेकीने दार उघडलं. बाबा अमेरिकेला परत गेले, म्हणाली, इथे करमेना. मी वळलो, तर तिने थांबवलं.

"मी घरी नसायचेच. बाबा इथे कोणाशी बोलायचे हो?"

"आमच्या कट्ट्यावर यायचे की," मी म्हणालो. "सगळे कान देऊन ऐकायचे."

तिचा चेहरा निवळला. पुन्हा पुन्हा आभार मानत राहिली.

जोशी गेले, कट्ट्यावरचं दुसरंही कोणी आता उरलं नाही. तरी डॉक्टर कोण होते, हे मी इथे लिहून ठेवलं आहे. लेकीला सांगितलेलं तेवढं तसंच राहू दे.