मी माझ्या आईवर अभ्यास करणार न्हाई

हे आत्ताच सांगायला पायजे. उद्यावर ढकललं तर मी गप्प बसंन, आन यावेळी गप्प बसले तर कायमचीच बसंन. मोबाईलवर टाईप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

गेल्या शनिवारी माझ्यापुढं दगड ठेवले.

मारले न्हाईत. ठेवले. आमच्या कॉलेजात तशी रीत हाय. महाबळेश्वरच्या अलीकडं डोंगरात एक छोटं कॉलेज हाय, सगळी पोरं एका एसटीत मावतील एवढीच. हितं ठरलेला अभ्यासक्रम न्हाई, पेपर न्हाई, मार्क न्हाईत. काय शिकायचं ते आपलं आपण ठरवायचं, वर्षभराचं आपणच आखायचं. त्येला 'वाट' म्हणत्यात. सर-मॅडम म्हणायचं न्हाई, दादा-ताई म्हणायचं. वाट आखून झाली की हॉलमध्ये सगळ्यांनी जमिनीवर गोल करून बसायचं आन आपण मधी बसून ती सांगायची. कुणाला शंका असली तर त्यानं नदीतला एक गुळगुळीत दगड आपल्यापुढं आणून ठेवायचा. उत्तर पटलं की त्यो दगड उचलून नेतो. दगड तसेच राहिले तर वाट बदलायची.

माझी वाट हुती ऑक्टोपस.

व्हय, ऑक्टोपस. बारावीत असताना वडलांच्या पिकअपमध्ये बसून मी मोबाईलवर एक व्हिडिओ बघितला. वडील डाळिंबाचे क्रेट उतरवत हुते. व्हिडिओत एक ऑक्टोपस काचेच्या बरणीत बसलेला. आतनं झाकण फिरवून त्यो बाहेर आला. हाड न्हाई अंगात. रंग बदलतो, दगडावर बसला की दगडासारखा. त्येच्या हातांना म्हणं आपापली थोडी थोडी अक्कल असती, डोक्याला न विचारता हात कामं करत्यात. मला वेड लागलं. मिळंल ते वाचलं. इंग्लिश येत नव्हतं तर एकेक शब्द बघून वाचलं.

कॉलेजच्या मुलाखतीत त्यांनी विचारलं, जगातलं काय जाणून घ्यायला आवडेल? मी म्हणलं, ऑक्टोपसला एकटं वाटतं का ते. समोरच्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फी माफ केली. मला वाटलं विषय आवडला. आता कळतंय, आटपाडीची पोरगी ऑक्टोपस म्हणती, एवढंच आवडलं हुतं.

आता शनिवारचं ऐका.

माझ्या आधी माझी रूममेट बसली मधी. इरा, पुण्याची. तिची वाट 'निळा रंग'. नुसता निळा. नीळ, शाई, आभाळ, जुनी चित्रं. तिच्यापुढं एक बी दगड न्हाई. तुझा निळ्याशी काय संबंध, असं तिला कुणी विचारलं न्हाई. मला विचारलं असतं तर आमच्या बौद्ध गल्लीत निळा म्हंजी काय असतो ते मी सांगितलं असतं. पण मला ते सांगायचं नव्हतं. मला ऑक्टोपस सांगायचा हुता.

मग कबीर. त्येची वाट जपानी तलवारी. सगळ्यांनी चुटक्या वाजवल्या, हितं टाळ्यांच्या जागी चुटक्या वाजवत्यात.

मग मी. बोलले, चांगलं बोलले, घाम फुटला तरी बोलले. संपल्यावर मिहिरदादा उठला. माझी वाट त्येच्याच हाताखाली चालायची हुती. त्यानं पयला दगड ठेवला. दोन्ही हातांनी, देवापुढं फूल ठेवावं तसा.

"तू समुद्र पाहिला आहेस का?"

"न्हाई."

हसले लोक. वाईट हसले न्हाईत. गोड हसले. त्येच लागलं.

मी म्हणलं, "मग कबीर तरी जपानला गेलाय का?"

कबीर म्हणला, "दोनदा. बाबांची कॉन्फरन्स होती."

आता मोठ्यानं हसले. मी बी हसले. काय करणार. मधी बसून रडता येत न्हाई.

मग इरा आली दगड घेऊन. "मला वाटतं तू स्वतःपासून पळतेयस." एका खोलीत झोपतो आमी, माझ्या आईनं धाडलेली शेंगदाण्याची चटणी ती बोट लावून खाती. कबीर आला. "तुझ्याकडे खरी स्टोरी आहे यार. आमच्याकडे काय आहे, आम्ही बोअरिंग लोक." मग एकेक येत गेले. ठेवत गेले. कुणी माझ्या खांद्यावर हात ठेवला. कुणी डोळे पुसले. स्वतःचे.

माझ्या पणजीच्या वक्ताला दगड मारत. हितं ठेवत्यात, प्रेमानं. पणजीला निदान पळता तरी येत हुतं.

गोल उठल्यावर मिहिरदादानं मला चहाला बोलवलं. त्येच्याकडं उत्तर तयार हुतं. नवी वाट, नाव सुद्धा ठरवलेलं: 'आई आणि अपमान, एका घराचा इतिहास'. म्हणला, "तुझ्या घरात केवढा मोठा खजिना आहे, तुला कल्पना नाही. शुक्रवारी परत गोल आहे, ट्रस्टचे पाहुणे येतायत. त्यांना हे फार भिडेल." आन कप खाली ठेवून हळूच म्हणला, "वाट ठरली नाही तर वर्ष थांबवावं लागेल गं. मग फीचंही बघावं लागेल."

बघावं लागेल म्हंजी काय ते मला कळतं. वर्ष मधीच गेलं तर दुसरीकडं कुठं ॲडमिशन न्हाई. वडलांनी सगळ्या मार्केट यार्डात सांगितलंय, माझी पोरगी स्वतःचं कॉलेज स्वतः आखती. ज्यांना सांगितलं त्यातले निम्मे वाटच बघत बसल्यात ती परत कवा येती त्येची. परत गेले की लगीन. माझ्या मावसबहिणीचं तसंच झालं.

म्हणून मी व्हय म्हणलं. खरं सांगते, म्हणलं.

मिहिरदादानं व्हॉट्सॲपवर प्रश्न पाठवले. आईला विचारायचे. हॉस्टेलच्या मागं पाण्याच्या टाकीपाशी तेवढी रेंज येती. दुसऱ्या दिवशी दुपारची तिथं छत्री धरून उभी राहिले. आई अंगणवाडीत मदतनीस हाय, रविवारी घरी असती. फोन उचलला तवा ती सुपात तांदूळ पाखडत हुती, आवाज येत हुता.

"आई, एक विचारू का? कॉलेजचं हाय."

"इचार की."

"तुला पयल्यांदा अपमान कवा वाटला?"

सुपाचा आवाज थांबला.

"कशाला गं?"

"लिहायचं हाय."

"कोन वाचनार?"

"सगळी. पाहुणे येणार हायती."

मी खुळ्यासारखी पुढचा प्रश्न वाचला. "आन तवा शरीरात कुठं जाणवलं, हे बी विचारलंय."

आई हसली. "गुडघ्यात म्हनून सांग. तितंच लय दुखतंय."

मी हसले न्हाई. मग तिनंच विचारलं, "आगं, आनि तुझी ती दर्यातली आठ हाताची? तिचं काय झालं?"

"ते नको म्हणत्यात."

"का?"

"मी समुद्र बघितला न्हाई म्हणून."

"मग त्यो दावाय तर तुला तितं घातली नव्हं? बघितला आसता तर शिकायचं काय उरलं हुतं?"

पाऊस छत्रीवर वाजत हुता, ती म्हणली काय ते नीट ऐकायला कान दाबून धरला.

"हे बग," आई म्हणली, "ज्ये झालं त्ये मी गिळलं. तुला तिकडं धाडाय गिळलं. आता त्ये वर काढून पावन्यांच्या ताटात वाढू व्हय? तुला ऐकायचं आसंल तर घरी ये, मांडीला मांडी लावून बस, समदं सांगते. तू इचार. त्यांच्या तोंडानं इचारू नगंस."

आन मग, "ठेवते. दूध वर आलंय."

दूध वर आलं नव्हतं. आई दुपारी दूध तापवत न्हाई.

मी तिथंच टाकीला टेकून उभी राहिले. दगडांनी जेवढं झालं न्हाई तेवढं तवा झालं. गोलात माझा अपमान झाला, त्यो मी सोसला. पण फोनवर माझ्या आईचा अपमान मी केला. माझ्या तोंडानं, माझ्या आवाजात, पोरीच्या लाडिक आवाजात. प्रश्न त्यांचे, तोंड माझं. असं ठरलंय सगळं. आमच्या घरात शिरायला त्यांना दार लागत हुतं, आन फी माफ करून त्यांनी मला दार केलं.

तशीच वल्ली मिहिरदादाकडं गेले. त्यो व्हरांड्यात बसला हुता.

"दादा, मी माझ्या आईवर अभ्यास करणार न्हाई."

"'आईवर' नाही गं. 'आईसोबत'."

"आईसोबत बी न्हाई. माझी वाट ऑक्टोपस हाय."

त्यो हसला. लय माया हुती त्या हसण्यात. म्हणला, "तुला राग आलाय. येऊ दे. हा रागच तुझा खरा विषय आहे."

बघा. मी न्हाई म्हणलं, तर माझ्या न्हाईचा बी त्यानं विषय केला. रडले असते तर रडण्याचा केला असता. गप्प बसले असते तर गप्प बसण्याचा. कुठनं बी गेलं तरी मी फिरून माझ्याच गल्लीत. बाकी पोरं जपानला जाणार, आभाळात जाणार, आन मी पदवी घेऊन सुद्धा माझ्याच उंबऱ्यात बसून माझंच घर दाखवत राहणार. यावं, बघावं, इथं आमचा अपमान झाला. जरा वाकून या, चौकट बुटकी हाय.

मग मी बोलले. पयल्यांदा.

"दादा, तुमी इराला कवा म्हणलाय का, तुझ्या बाबांवर अभ्यास कर म्हणून? कबीरच्या आईला कुठं काय जाणवलं, ते विचार म्हणलाय कबीरला?"

त्यो म्हणला, "हे आता पर्सनल होतंय."

"माझ्या आईचं विचारताना पर्सनल नव्हतं?"

त्येचं हसू गेलं. मी एवढे महिने हितं हाय, त्येचा बिनहसूचा चेहरा आत्ता बघितला. म्हणला, "ठीक आहे. शुक्रवारी गोल ठरवेल. परिणाम तुला माहिती आहेत."

माहिती हायती.

खोलीवर आले तर इराला कळलेलं. "तू मिहिरदादाला हर्ट केलंस. ते तुझ्यासाठी किती भांडले होते माहितीय, फी माफ करायला?" मी म्हणलं, "भांडले असतील." ती म्हणली, "मग थोडी तरी ग्रॅटिट्यूड?" मी अंथरुणावर बसले. कपडे वाळत न्हाईत हितं, सगळ्या खोलीला कुबट वास. मला घरची लय आठवण आली आन घरी जायची लय भीती वाटली. दोन्ही एकदमच.

तवापास्नं कुणी नीट बोलत न्हाई. शिवी देत न्हाईत, जेवताना शेजारी बी बसत्यात. नुसतं हसत्यात, आजाऱ्याकडं बघून हसावं तसं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उलट शिवी देता येती. ह्या हसण्याला काय देऊ?

उद्या शुक्रवार.

मला भ्या वाटतंय. खोटं कशाला बोलू. दुपारपास्नं जेवण जाईना. मधीमधी वाटतंय, लिहून टाकावं चार पानं, कुणाची बी आई घालावी, कुठला बी अपमान घालावा, ह्यांना कुठं कळणार हाय. पाहुणे रडतील, चुटक्या वाजतील, माझं वर्ष वाचंल. एवढं सोपं हाय. एवढं सोपं हाय म्हणूनच मला भ्या वाटतंय.

करणार न्हाई.

उद्या मी मधी बसणार आन ऑक्टोपसच सांगणार. पाहुण्यांच्या पुढं. दगड ठेवतील तेवढे ठेवू द्या, मी एकाचं बी उत्तर माझ्या घरातनं आणून देणार न्हाई. समुद्र बघितला न्हाई, आई कोण, जात कोणती, दुःख केवढं, ह्यातलं काय विचारलं तर एकच सांगणार: ते माझ्या वाटेत येत न्हाई. आन काढायचं असंल तर काढा. पण गोलात, सगळ्यांच्या देखत, तोंडानं बोलून काढा की ह्या पोरीनं आपलं दुःख दाखवायला नकार दिला म्हणून काढलं. गोड हसून, वर्ष थांबवून, हळूच न्हाई. मी स्वतःहून बॅग भरणार न्हाई. मला ओढून न्यावं लागंल. आन ओढून नेलं तरी आटपाडीच्या स्टँडवर बसून मी ऑक्टोपसच वाचंन.

आता तुमी सांगा. तुमाला कवा कुणी मायेनं म्हणलंय का, तू तुझ्याच लोकांचं लिही, तुझ्याच दुःखाचं बोल, बाकीचं तुझं काम न्हाई? ऑफिसात, कॉलेजात, कुठल्या स्टेजवर? तवा तुमी काय केलं? दिलं का काढून? का न्हाई म्हणला? न्हाई म्हणल्यावर पुढं काय झालं? मला जे असंल ते खरं सांगा. गोड सांगू नका.