सव्वादोन तासांची मुंबई

आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेला, तरी आमचे वडील आणखी काही वर्षं हैदराबादेतच राहिले; म्हणजे राहायला तुळजापुरात, पण मनानं तिकडं. निजामाच्या तहसिलीत पेशकारी, म्हणजे कारकुनी, करून निवृत्त झालेला माणूस. कुठलंही मोठं काम हैदराबादवरूनच होतं, ही त्यांची श्रद्धा. ती काढून घेणारा कायदा अजून कुणी केला नव्हता.

अशात मुंबईहून आत्याच्या मुलाची तार आली: आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. आत्या म्हणजे वडिलांची एकुलती एक बहीण.

मी म्हटलं, "अण्णा, सोलापुरात संध्याकाळची गाडी धरू. सकाळी मुंबईत."

"रात्र जाती तिच्यात. हैदराबादेहून विमान सव्वादोन तासांत जातंय. भूगोल शिकवतोस न्हवं तू?"

शिकवत होतो. शाळेचा नकाशा घरी मागवून त्यांनी दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला. दोरा तुळजापुरावरून गेला. तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. पण वडिलांना उलटून बोलायची आमच्याकडं पद्धत नव्हती, आणि खरं सांगतो, विमानात बसायचा मोह मलाही पडला होता. मी गप्प बसलो आणि त्याला आज्ञाधारकपणा म्हटलं.

सोलापूर स्टेशनात समोरच्या फलाटावर मुंबईची गाडी उभी होती.

"कुठं जायचं, मालक?" हमालानं विचारलं.

"मुंबईला," असं म्हणत वडील हैदराबादच्या गाडीत चढले. हमाल माझ्याकडं बघत राहिला. मी सामान मोजत राहिलो. दोनच डाग होते.

हैदराबादेत कळलं, आजचं विमान भरलंय, उद्याचंही. परवाची तिकिटं मिळाली. मी चाचरत म्हटलं, रेल्वेनंच जाऊ या.

"आता इथवर आलोच की," वडील म्हणाले. "फिकीर करू नको. राहिले किती? सव्वादोन तास."

विमान खरोखरच सव्वादोन तासांत पोचलं; त्याबद्दल माझी तक्रार नाही. वाटेत एके ठिकाणी वडिलांनी खिडकीला कपाळ टेकवून खाली हात जोडले. घर सोडल्याच्या चौथ्या दिवशी आम्ही पुन्हा घरापाशी आलो होतो, फक्त फार उंचावर.

आत्याच्या मुलानं दार उघडलं. त्याच्या डोक्यावर केस नव्हते.

"मामा, आई काल दुपारी गेली," तो म्हणाला. "परवा सकाळी तिनं मला सोलापूरच्या गाडीवर पाठवलं होतं. दादा रात्रीच निघाला असंल, म्हणाली. तुम्ही आला नाहीत म्हटल्यावर, उद्याच्या गाडीला जा म्हणाली. काल सकाळीही गेलो होतो मी."

वडील उंबऱ्यातच उभे होते. मग हळूच माझ्याकडं वळले.

"तुला ठाऊक होतं न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.